बांधी वाळू द्या

मु. बोदलकसा, ता. तिरोडा
१३ जुलै २०२५

आत्याबाई, तुमच्या पायांवर लोकेंद्रचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. फोनवर बोलायला लागलो की बाबा ‘कोण आहे रे’ म्हणत शेजारी येऊन बसतात आणि मला मुद्द्याचे काही बोलता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

रोशनदादाने नागपूरच्या गोदामात माझ्यासाठी जागा पाहिली आहे. दिवाळीनंतर ये म्हणतो. मला जायचे नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तिथे मी पोती मोजणार आणि चुकलो तर घाबरणार. इथे निदान शेताचा प्रत्येक धुरा मला ओळखतो. हे मी बाबांना धानाच्या रोवणीच्या दिवशी सांगितले. त्याच वेळी कृषी सहायक मॅडमनी सांगितलेला कार्यक्रमही सांगितला. बाबा चिखलात उभे राहून म्हणाले, “तळ्याखालची धानाची एक बांधी तुले देल्ली. मॅडम म्हणते तसं करून दाखव. जमलं तं उन्हाळी धानापासून सगळी शेती तू पाहा. नाही जमलं तं नागपूर.”

आता कार्यक्रम काय तो सांगतो. आपल्या देशाने जगाला शब्द दिला आहे की २०७० सालापर्यंत हवेत जेवढा धूर आणि वायू सोडू तेवढा परत शोषून घेऊ. त्यासाठी केंद्र सरकार सूर्याची वीज, शेणाचा गॅस असे बरेच काही करते आहे. त्यातच धानाची गोष्ट निघाली. बांधीत सतत पाणी उभे राहिले की खालची माती कुजते आणि मिथेन नावाचा वायू निघतो. तो हवा फार तापवतो. मधे मधे पाणी आटू दिले तर वायू कमी होतो आणि धान कमी होत नाही. मॅडमनी एक छिद्रे पाडलेली नळी दिली आहे. ती मातीत रोवली की जमिनीखाली पाणी किती उतरले ते दिसते. पंधरा सेंटिमीटर उतरले की फोटो काढायचा आणि मग पाणी भरायचे. फुलोऱ्याच्या आधी असे किमान दोनदा व्हायला हवे, नाहीतर बांधी यादीतून निघेल.

बाबा फक्त तुमचे ऐकतात, आणि ऐकून उलटे करतात. म्हणून विनंती की त्यांना काही सांगू नये.

तुमचा
लोकेंद्र

ता. क. नळी सरळ बसली आहे का हे मी ओळंबा लावून दोनदा पाहिले. तरी शंका आहे.

*

बिरसी
२१ जुलै

लोकेंद्र बाबू,

तुजं पत्र भेटलं. टपालवाल्यानं अंगणातून नाव घेऊन आवाज देल्ला तं गल्ली गोळा झाली. चष्मा लावून दोनदा वाचलो.

धान वाळवतेत का रे? कापल्यावर वाळवतेत. उभा धान कोण वाळवते? लग्न होऊन मले एक्केचाळीस वर्षं झाले, या घरी बांधीतलं पाणी आटलं का घरातल्यायचं तोंड आटते. अन् तू मुद्दाम आटवून राहिला. फोटो काढाले!

सरकारले हवा थंडी करायची आहे तं करो, मी कायले नाही म्हणू? पर तुमच्या गच्चीवरून तिरोड्याच्या वीज कारखान्याची चिमणी दिसते. ते सोडून सरकारले माझ्या भाच्याची बांधीच काऊन दिसली? हे पूस तुझ्या मॅडमले. २०७० साली तू म्हातारा होशील, मी तं कबकी गेलो राहीन. माह्या जागेवर तूच पाहून घेजो थंडी झाली का नाही.

मी रेवारामले, तुझ्या बापाले, काही बोलत नाही. कोणालेच काही बोलत नाही. तू निश्चिंत राह्य. जेवत जाय.

तुजी आत्या सुखवंता

*

बोदलकसा
९ ऑगस्ट

आत्याबाई,

तुमचे दोन्ही प्रश्न मी मॅडमना जसेच्या तसे विचारले.

पहिल्याला त्या हसल्या. म्हणाल्या, वरचा थर वाळतो, रोप नाही; मुळे ओल शोधत खाली जातात आणि उलट जोर धरतात. चिमणीचा प्रश्न ऐकून हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर विचारतात तुमच्या आत्याबाई. कारखान्यांसाठी वेगळे नियम आहेत, त्यांनाही धुराचा आकडा ठरवून देताहेत. पण मला चिमणीवर चढता येत नाही. माझ्याकडे चौदा गावांच्या बांध्या आहेत.” मला हे उत्तर पटले. तुम्हाला पटले नाही तर कळवावे, मी पुन्हा विचारीन.

आता काळजीची गोष्ट. पंधरा सेंटिमीटर म्हणजे माझी एक वीत, चार बोटे कमी. परवा संध्याकाळी नळीत पाणी तेरापर्यंत उतरले होते. आनंदाने मला भात गेला नाही. काल सकाळी जाऊन पाहतो तर बांधी भरलेली. चार बोटे पाणी उभे! पाऊस नव्हता, मी अंगणात स्टीलचा पेला ठेवतो, तो कोरडा होता.

धुऱ्यावरून फिरून खेकड्यांची अकरा बिळे मोजली आणि बुजवली. पण खेकडा एवढे पाणी आणणार कुठून? वरची बांधी भैयाजींची आहे. तिथून पाणी यायची जी वाट आहे ती बंदच होती, मात्र तिच्यावरचा चिखल ओला होता आणि हाताने छान गुळगुळीत केलेला. भैयाजींना विचारले तर म्हणाले, “मी कायले सोडू?” आणि बैलाकडे पाहू लागले. बैल काही करत नव्हता.

बाबा म्हणाले, “एक बांधी सुकवता नाही येत, अन् शेती करतो म्हणते.”

माझे काही चुकले असेल तर काय, ते कळत नाही.

लोकेंद्र

*

बिरसी
१८ ऑगस्ट

लोकेंद्र बाबू,

मॅडम चांगली आहे. चिमणीवर चढता येत नाही म्हणे, हासून हासून पोट दुखलं. त्या पोरीले एकदा जेवाले बलाव.

पाण्याचं एवढं मनावर नोको घेऊ. पाणीच होय ते, कुठूनबी येते. जमिनीतून पाझरलं राहीन. देवानं देल्लं म्हणून समज. आलेल्या पाण्याची चौकशी करू नाही.

अन् असा डोकं धरून धुऱ्यावर दोन दोन तास बसत नोको जाऊ. ऊन लागते. डोक्याले तो पिवळा गमछा बांधत जाय, हिरवा नोको, विरला आहे तो.

यंदा आमच्या इकडं रोवणी उशिरा झाली. बाकी बरं.

आत्या

*

बोदलकसा
३० ऑगस्ट

आत्याबाई,

पुन्हा तेच झाले. २७ तारखेला नळीत चौदा. फक्त एक राहिले होते. २८ ला सकाळी बांधी भरलेली.

आणि गावाचे माझ्याशी वागणे बदलले आहे. शेजारच्या सुशिलाबाई रोज दुपारी धुऱ्यावर डबा आणून देतात. काल वड्या होत्या. मी कारण विचारले तर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “खा बाबू, पुसू नोको.” रोवणीच्या बायका मला पाहून बोलणे थांबवतात. जागेश्वरकाकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले, “पोरी काय, एक गेली तं दहा येतेत.” कोणती पोरगी गेली? माझ्या माहितीत एकही आली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, २० सप्टेंबरपर्यंत दोनदा नोंद झाली नाही तर त्यांचा इलाज नाही. रोशनदादाने गोदामाच्या मालकाला माझा आधार क्रमांकही कळवला आहे. आत्याबाई, मी घाबरलो आहे. नागपूरला नाही, याला घाबरलो आहे की बाबांना वाटेल मी काम केलेच नाही.

एक गोष्ट लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. मी डोके धरून बसलो होतो हे मी तुम्हाला लिहिले नव्हते. हिरवा गमछा विरला आहे, हेही नाही. मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत ठेवतो. पुन्हा वाचून पाहिली. मग तुम्हाला हे कसे कळले? उद्धटपणा वाटला तर माफ करावे.

लोकेंद्र

*

बिरसी
४ सप्टेंबर

लोकेंद्र बाबू,

पकडलं तू मले. तुझ्या वहीले आग लागो!

मीच सुशिलाले चिठ्ठी टाकलो होतो. ते माझी लहानपणची सोबतीण, एका पाटीवर दोघी लिवलो. बोलत नाही म्हटलो होतो, लिवत नाही म्हटलो नव्हतो. लिवलो का, लोकेंद्र बांधी वाळवून राहिला, धान मरन, पोराचं नाव खराब होईन, जरा ध्यान ठेव अन् त्याची खबर मले देत जाय. एवढंच लिवलो.

पुढचं काम गावानं केलं. आपल्या गावची रीत तुले माहीत आहे. घरी आजारपण असो, सुतक असो, का कोणाचं मन ठिकाणावर नसो, शेजारी त्याच्या बांधीत पाणी देतेत अन् मुकाट राहतेत. सांगितलं तं उपकार होते. सुशिलानं बायायले सांगितलं. तू तासन् तास एका नळीत पाहून राहिला, कागदावर लिवून राहिला. बायायनं ठरवलं, पोराचं लग्न मोडलं अन् डोक्यावर परिणाम झाला. कोणत्या पोरीनं मोडलं यावर दोन गट झाले म्हणते.

मले वाटलं होतं मी तुझा धान वाचवून राहिलो. तुझं ते पत्र वाचलो, बापाले वाटन मी काम केलंच नाही, अन् तशीच कागद घेऊन बसलो. चूक माझी होय. मीच निस्तरतो. शनिवारी सकाळच्या बसनं येतो. सगळ्यायले हनुमान मंदिरासमोर गोळा कर. तुले बोलावं लागंल. भिऊ नोको, मी बाजूले उभी राहतो.

एक मात्र समजत नाही. सुशिला शपथ घेऊन म्हणते, पयल्यांदा पाणी तिनं देल्लं, दुसऱ्यांदा नाही.

आत्या

*

बोदलकसा
२२ सप्टेंबर

आत्याबाई,

६ तारखेचा प्रसंग मी वहीत उतरवला आहे. तुम्ही तिथे होतात, म्हणून तपासून द्यावा.

तुम्ही म्हणालात, “या पोराचं डोकं तुमच्या सगळ्यायपेक्षा ठिकाणावर आहे. आता आयका.” मग मी उभा राहिलो. हातातल्या कागदावरून वाचू लागलो. मिथेनची गोष्ट सांगितली, देशाने दिलेला शब्द सांगितला. जागेश्वरकाकांनी विचारले, “म्हणजे आपल्या बांधीचा ढेकर दिल्लीले आयकू जाते का?” सगळे हसले. मीही हसलो आणि त्यानंतर कागद खिशात घातला. सुशिलाबाईंनी विचारले, “मंग कोणतीच पोरगी नोहोती?” मी नाही म्हटले. त्या थोड्या नाराज झाल्या. एवढ्या वड्या!

मग तुम्ही विचारलेत, दुसऱ्यांदा पाणी कोणी दिले? भैयाजींनी नाही म्हटले. बायकांनी नाही म्हटले. तेव्हा बाबा मागून म्हणाले, “मी सोडलो.”

तुम्ही म्हणालात, “तू? तूच तं अट घातली होती रे रेवाराम!”

बाबा म्हणाले, “अट पोराले होती. धानाले नोहोती. तहानला दिसला, सोडलो.” आणि बिडी पेटवायला मंदिराच्या मागे गेले.

इथपर्यंत बरोबर आहे का?

आत्याबाई, ती रीत मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी जागेश्वरकाका दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या बांधीत मीच पाणी दिले होते आणि आजपर्यंत कोणाला बोललो नाही. पण कोणी माझ्यासाठी ते करत असेल हे माझ्या मनात आलेच नाही. मी खेकड्यांवर आळ घेतला.

तुम्ही चारच्या बसने गेलात, त्यानंतरचे कळवतो. दुसऱ्याच दिवशी सुशिलाबाईंनी पत्र्यावर चुन्याने ‘बांधी वाळू द्या’ असे लिहून घेतले आणि धुऱ्यावर रोवले. आता अडचण उलटी झाली. येणारा जाणारा नळीत काडी घालून मोजतो. जागेश्वरकाका तळ्याच्या पाळीवरून ओरडतात, “किती झालं?” आणि बायका कुठूनही उत्तर देतात, “नऊ!” भैयाजींची म्हैस पाणी प्यायला वळली तर तिला तिघांनी हाकलले, मला सांगावे लागले की तिने पाणी प्यायले तर आपलेच काम होईल. ११ तारखेला पंधरा झाले. फोटो काढला तर त्यात नळी दिसेना, सगळ्यांचे पायच दिसत होते. पुन्हा काढला.

पाणी भरून पुन्हा आटवायला घेतले. १८ तारखेला तेरावर आले आणि तळ्यापलीकडून आभाळ काळे होऊन आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले की आपल्या गावातली माणसे वर बघून पाऊस नको म्हणत आहेत. सुशिलाबाई आभाळाला हात दाखवून बोलत होत्या, “दोन बोटं राहिली रे, थांब ना जरा!” बाबा कुदळ घेऊन बांधीभोवती फिरले आणि वरून एक थेंबही आत झिरपू नये म्हणून सगळे धुरे चापून आले. मी त्यांच्या मागोमाग फिरलो.

१९ ला सकाळी अकरा वाजता पंधरा. मॅडम स्वतः आल्या होत्या. त्यांनी काडी घातली, काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाल्या, “झालं.” दुपारी दोनला पाऊस आला. तेव्हा धुऱ्यावर उभे राहून सगळे भिजले आणि टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या कागदांना मी माझा सदरा गुंडाळला.

अजून पीक यायचे आहे. मोकळेपणाने आनंद करावा की थांबावे, हे कळवावे.

लोकेंद्र

*

बिरसी
३० सप्टेंबर

बाबू,

आनंद पुसून करतेत का? कर.

तुझं लिवणं बरोबर आहे. फक्त बिडी नाही, रेवाराम मागं जाऊन डोळे पुसत होता. मी पाहालो. वहीत बिडीच राहू दे.

आत्या

*

बोदलकसा
१६ नोव्हेंबर

आत्याबाई,

तुम्ही दिवाळीनंतरच्या जत्रेला, आपल्या मंडईला, आला नाहीत. गुडघा कसा आहे? तुमच्या वाट्याचा चिवडा डब्यात ठेवला आहे. आई रोज पाहते की मी खातो का.

धान कापून झाला. बाबांनी माझ्या बांधीचा आणि शेजारच्या बांधीचा धान वेगवेगळा मळायला लावला. त्यांनी स्वतः ओंजळीत घेऊन फुंकला, चावून पाहिला. बांध्या सारख्याच मापाच्या आहेत, धान सारखाच आला; माझ्याकडचा सुपाभर जास्त. बाबा म्हणाले, “सूप मोठं आहे.” मी सूप बदलून पुन्हा मोजून दाखवले. यंदा शेवटच्या पाण्याला भैयाजींच्या सगळ्यात खालच्या दुसऱ्या बांधीपर्यंत तळ्याचे पाणी पुरले, दरवर्षी त्यावरून वाद होतो. भैयाजी म्हणाले, पुढच्या वर्षी त्यांनाही नळी हवी. मॅडमच्या वहीत आता गावातली नऊ नावे आहेत.

आता ज्यासाठी पत्र लिहितो आहे ते सांगतो. मंडईच्या दिवशी दुपारी अंगण पाहुण्यांनी भरलेले असताना रोशनदादा गाडी घेऊन आला. त्याने माझ्यासाठी नवी बॅग आणली होती, त्याचे मन फार चांगले आहे. जेवणे झाली आणि तो बाबांना म्हणाला, “काका, लोकेंद्रले उद्या सोबतच नेतो. मालकाले सांगून ठेवलं.” मी ताट घेऊन उभा होतो. धान आल्यापासून बाबा अटीबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

बाबांनी पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. म्हणाले, “त्याले फुरसत नाही.”

रोशनदादा म्हणाला, “म्हणजे?”

“उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकाचे आहेत. कोणतं बियाणं घ्यावं, कधी टाकावं, ते त्यालेच माहीत. मले नाही माहीत.” आणि माझ्याकडे न पाहता, “काऊन रे, कधी टाकाचे?”

आत्याबाई, सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडून निघाले, “डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.” बाबा म्हणाले, “आयकला?” आणि रोशनदादाला आणखी भाजी वाढायला सांगितली.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. ‘फुरसत नाही’ म्हणजे या हंगामापुरती, की कायमची? ‘त्यालेच माहीत’ हे त्यांनी खरे म्हटले की पाहुण्यांसमोर वेळ मारून नेली? विचारायचे धाडस होत नाही. तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. नेमका अर्थ कळवावा.

लोकेंद्र

ता. क. बॅग रोशनदादाने परत नेली नाही. बियाण्याची पाकिटे ठेव म्हणाला.

*

बिरसी
२४ नोव्हेंबर

लोकेंद्र बाबू,

माझा गुडघा बरा आहे. चिवडा तू खाऊन टाक, तुझ्या मायले मी सांगतो.

तू अर्थ पुसून राहिला. तुझं पत्र यायच्या आधीच मंडईच्या दुसऱ्या दिवशी रेवारामचा फोन आला होता. तो कधी फोन करत नाही, मी घाबरलो. म्हटलं का झालं? तं इकडचं तिकडचं बोलला, गुडघा पुसला, थंडी पुसली. मंग हळूच म्हणे, “बाई, पोरगं माझ्यापेक्षा चांगली शेती करते.”

तेवढ्यात डोक्यावरून आमच्या बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरायचं विमान घरघरत गेलं. मी म्हटलं, आयकू नाही आलं रे, जोरानं बोल. तो जोरानं बोलला. मी म्हटलं, अजून नाही आलं. तिसऱ्यांदा तो असा ओरडला का तुमच्या बोदलकशात बायायनं आयकलं राहीन. सुशिलाले पूस.

विमान तं कबकी गेलं होतं, अन् मले पयल्याच वेळी आयकू आलं होतं.

पऱ्ह्यायले उशीर नोको करू.

आत्या